टॉवेल आणि मनोबल

मनोबल ही वस्तू सरकारी कार्यालयात नेमकी कुठे ठेवलेली असते, हे शशिकांत वडनेरे यांना एकतीस वर्षांच्या नोकरीत कुणी विचारलं नव्हतं. पंखे किती आहेत ते विचारलं होतं. त्यातले फिरतात किती, अशीही एकदा वरून विचारणा झाली होती आणि ते त्यांनी स्वतः खोल्याखोल्यांतून मान वर करून मोजलं होतं. त्यामुळे नवे महासंचालक त्यागी साहेब एका सकाळी, "वडनेरेजी, अपने स्टाफ का मोराल कैसा है?" असं म्हणाले, तेव्हा वडनेऱ्यांनी सवयीने सांगून टाकलं, "ठीक है सर, पिछले साल ही ठीक करवाया था."

त्यागी साहेब हसले नाहीत. ते नुकतेच डोंगरावरच्या कुठल्याशा संस्थेतून व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घेऊन आले होते. प्रशिक्षणाहून परतलेला साहेब आणि तीर्थयात्रेहून परतलेली आत्या यांच्यापुढे काही बोलायचं नसतं, प्रसाद घ्यायचा असतो. प्रसाद असा होता की माणसाला पैशापेक्षा मान प्यारा असतो. त्याला 'क्लर्क' म्हटलं की तो क्लर्कासारखाच वागतो. त्याच माणसाला भारदस्त पदनाम द्या, त्याची छाती फुगते आणि काम दुप्पट होतं. शिवाय सरकारी तिजोरीतून एक पैसाही जात नाही. हे शेवटचं ऐकल्यावर ही योजना मंजूर होणार हे वडनेऱ्यांनी ओळखलं. ज्या सुधारणेला पैसे लागत नाहीत ती दिल्लीत कुणी अडवू शकत नाही.

ज्या कार्यालयाचं मनोबल वाढवायचं होतं त्याचं नाव राष्ट्रीय लेखनसामग्री मानक निदेशालय. सरोजिनी नगर मेट्रो स्टेशनातून बाहेर पडायचं, बाजाराकडे धावणाऱ्या लोंढ्यातून अंग चोरत उलट्या दिशेला चालत जायचं, की एक पिवळी इमारत लागते. तिच्या तिसऱ्या मजल्यावर, देशातल्या सरकारी फायलींचा पुठ्ठा किती जाड असावा आणि पेपरवेट किती जड असला म्हणजे पंखा पाचावर असतानाही कागद जागचा हलत नाही, हे ठरत असे. पुढे फायली संगणकात गेल्या आणि कागदाबरोबर निदेशालयाचा रुबाबही गेला. स्टाफ खिन्न होता हे खरंच होतं. पण त्याला पदनामाचं दुःख नव्हतं, बढतीचं होतं. थेट भरती झालेले वरचे की खालून चढत आलेले वरचे, या ज्येष्ठतेच्या वादावर खटला चालू होता. खटला चालू म्हणून डेप्युटी डायरेक्टरच्या दोन्ही जागा रिकाम्या, आणि त्या भरता येत नाहीत म्हणून खालची सगळी रांग जागच्या जागी थबकलेली.

या रांगेत सर्वांत पुढे स्वतः वडनेरे उभे होते. असिस्टंट डायरेक्टर, प्रशासन. नोव्हेंबरअखेर निवृत्ती. आयुष्याकडे त्यांचं आता फारसं मागणं उरलं नव्हतं. मयूर विहारात सोसायटीतला फ्लॅट झाला होता, मुलगी नोकरीला लागली होती, रक्तातली साखर बायकोच्या धाकाने ताब्यात होती, गुडघे अजून मेट्रोचे जिने चढत होते. फक्त एकदा, भले शेवटच्या एका दिवसापुरतं का होईना, डेप्युटी डायरेक्टर म्हणून खुर्चीत बसून मग घरी जायचं होतं. हे ते कुणाला बोलून दाखवत नसत. बोलून दाखवायची गरजही नव्हती, कारण घरी आणि सोसायटीत ते सगळ्यांना पाठ होतं.

पत्नी अलकाताईंना या इच्छेचं फारसं कौतुक नव्हतं. दारावर नुसतं 'वडनेरे' लिहिलंय, तेवढं कुरिअरवाल्याला पुरतं, असं त्यांचं मत होतं. पदनामांच्या योजनेवर त्यांनी चपाती लाटता लाटता एवढंच विचारलं, की सगळेच साहेब झाल्यावर साहेबांना चहा कोण देणार. तूही राणी मीही राणी, पाणी कोण आणी, ही म्हण त्यांनी पूर्ण म्हटली नाही. पहिल्या चार शब्दांतच वडनेरे उठून बाल्कनीत गेले.

मुलगी सृष्टी गुरुग्रामच्या एका कंपनीत होती आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी असोसिएट व्हाइस प्रेसिडेंट होती. तिच्या टीममध्ये पाच जण होते आणि पाचही जण कशाचे ना कशाचे व्हाइस प्रेसिडेंट होते. मग प्रेसिडेंट कोण, असं अलकाताईंनी एकदा विचारलं होतं, तर तो सिंगापूरला असतो आणि त्याला अजून कुणी पाहिलेलं नाही असं कळलं.

"बाबा, आमच्याकडे इन्क्रिमेंट द्यायचं नसेल तेव्हा टायटल देतात," सृष्टी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली. "पहिले आठ दिवस एकदम मस्त वाटतं. मग समजतं की अच्छा, काम तर तेच आहे."

एकतीस वर्षं एका पदासाठी थांबलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल ते सांगायला नको. वडनेऱ्यांना वाईट वाटलं.

खरा सल्ला मिळाला तो सोसायटीच्या बागेत, दत्तात्रय केळुसकरांकडून. केळुसकर रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून मयूर विहारातल्या समस्त मराठी मंडळींना मोफत मार्गदर्शन करणारे. पाण्याचा पंप, मुलांची लग्नं, रक्तातली साखर, कशावरही ते बोलत, आणि विचारलं नाही तर जास्त बोलत. त्यांनी सगळी हकिगत ऐकली आणि म्हणाले, "वडनेरे, वाढपी आधी स्वतःच्या ताटात वाढत नाही हे मान्य. पण तो उपाशीही राहत नाही. पहिलं पद स्वतःचं लिहून टाका."

वडनेऱ्यांना हा सल्ला फार हलका वाटला. ज्याने प्रस्ताव लिहायचा त्याने त्याचा लाभ घ्यायचा नाही, हे तत्त्व त्यांनी आयुष्यभर पाळलं होतं. त्यांना कधी लाभाचा प्रस्ताव लिहायला मिळालाच नव्हता, हा भाग वेगळा.

मनोबल वाढवण्याआधी ते मोजायला हवं, असं त्यागी साहेबांनी फर्मावलं. म्हणून एक प्रश्नावली निघाली. आपलं मनोबल एक ते दहा या मापात किती आहे ते लिहा. स्टाफमध्ये खळबळ उडाली. कमी लिहिलं तर गोपनीय अहवालात येईल, बदली होईल, डॉक्टरकडे पाठवतील, अशा शंका कॅन्टीनमध्ये चहाबरोबर फिरू लागल्या. शेवटी भांडारपालाने दहा लिहिले, ते बघून त्याच्या शेजारच्याने दहा लिहिले, आणि दुपारपर्यंत निदेशालयाचं मनोबल शंभर टक्के भरलं. त्यागी साहेब हिरमुसले. जे काठोकाठ भरलंय ते वाढवायचं कसं? त्यांनी वडनेऱ्यांना प्रश्नावली पुन्हा, जरा मोकळ्या वातावरणात भरून घ्यायला सांगितलं. मोकळ्या वातावरणासाठी समोसे मागवले. समोसे खाऊन सर्वांनी पुन्हा दहाच लिहिले.

मग आदेश लिहायची वेळ आली. आता सरकारी आदेश कुणी नव्याने लिहीत नाही. नव्याने लिहिणं हा उद्धटपणा समजतात. जुना एखादा आदेश काढायचा, त्यातली नावं आणि तारीख बदलायची, बाकी देह तोच ठेवायचा, अशी रीत आहे, आणि या रीतीत वडनेऱ्यांचा हात कुणी धरला नसता. त्यांनी शिपायाचं पद बदललं तेव्हाचा एक आदेश शोधून काढला आणि त्याच्या पोटात नवी पदनामं भरली. डायरी-डिस्पॅचला बसणाऱ्या कुमुद रावत झाल्या 'कम्युनिकेशन फ्लो स्पेशालिस्ट'. स्टेनो झाला 'एक्झिक्युटिव्ह थॉट पार्टनर'. भांडारपाल 'रिसोर्स स्टुअर्ड' आणि गाडीचा ड्रायव्हर 'मोबिलिटी लीड'. ही सगळी नावं त्यागी साहेबांनी प्रशिक्षणाच्या वहीतून आणली होती. डेप्युटी डायरेक्टरच्या दोन जागांचं काय, असं वडनेऱ्यांनी विचारलं, तर साहेब म्हणाले, खाली कुर्सी का क्या मोराल. म्हणून त्या जागा यादीत घेतल्या नाहीत. स्वतःचं नाव वडनेऱ्यांनी तत्त्वाप्रमाणे गाळलं. आणि सर्वांत खाली, जुन्या आदेशात होतं तसंच, एक वाक्य राहू दिलं: यापूर्वीची सर्व पदनामे या आदेशाने रद्द समजण्यात यावीत.

ते वाक्य कुणी वाचलं नाही. शेवटचं वाक्य वाचायचं नसतंच. ते मंत्रपुष्पांजलीसारखं असतं, सगळे उभे राहतात आणि प्रसादाकडे बघत असतात.

पुढची अडचण हिंदी कक्षाची. इंग्रजी पदनामाला हिंदी पर्याय असल्याशिवाय पाटी लागत नाही, आणि तो पर्याय द्यायचा हिंदी अधिकारी अशोक मिश्रांनी. मिश्राजी शब्द तोलूनमापून देत आणि द्यायला वेळ घेत. 'थॉट पार्टनर' त्यांनी तीनदा परत पाठवलं. एका स्त्री अधिकाऱ्याचा स्टेनो तिचा 'विचार-सहभागी' कसा असू शकतो, यात त्यांना शालीनतेचा भंग दिसत होता. शेवटी 'कार्यकारी चिंतन सहयोगी' वर समेट झाला. स्टेनो बिचारा तेव्हापासून चिंतेत दिसायचा. कुमुद रावतांचं 'संचार प्रवाह विशेषज्ञ' मात्र मिश्राजींनी एका झटक्यात दिलं आणि स्वतःच मोठ्याने दोनदा वाचलं.

पाट्या लागल्या त्या आठवड्यात निदेशालय खरोखर उजळलं, हे मान्य करायला हवं. लोक वेळेवर आले. एकमेकांना 'स्पेशालिस्ट मॅडम', 'लीड साहब' म्हणू लागले. ड्रायव्हर महाशयांनी आता आपण 'लीड' असल्यामुळे गाडी चालवायला हाताखाली कुणीतरी द्यावं असा अर्ज केला, पण तो प्रेमाने केला. आणि मग एका दुपारी भांडारपाल जेवणाच्या सुट्टीत सरोजिनीच्या बाजारात गेला आणि टॉवेल घेऊन आला.

दिल्लीबाहेरच्या वाचकांना टॉवेलाचं माहात्म्य सांगावं लागेल. इथल्या सरकारी कचेरीत साहेब कोण हे दारावरच्या पाटीवरून कळत नाही, खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल आहे की नाही यावरून कळतं. ज्याच्या पाठीमागे टॉवेल, तो अधिकारी. तो टॉवेल अंग पुसायला नसतो, हात पुसायलाही नसतो. तो नुसता असतो. वडनेऱ्यांना असिस्टंट डायरेक्टर झाल्यावर तो पहिल्यांदा मिळाला, तेव्हा त्यांनी घरी अलकाताईंना फोन करून सांगितलं होतं. आता भांडारपालाने आपल्या खुर्चीवर जांभळा, फुलाफुलांचा टॉवेल टाकला. दुसऱ्या दिवशी थॉट पार्टनरने निळा टाकला. तिसऱ्या दिवसापर्यंत सरोजिनीच्या बाजारातल्या त्या एका गाड्यावरचे टॉवेल संपले असावेत, कारण लेखा विभागात एकाच्या खुर्चीवर बदकांची चित्रं असलेला, लहान बाळाचा टॉवेल दिसू लागला. तिसरा मजला लांबून धोबीघाटासारखा दिसत होता.

खऱ्या अधिकाऱ्यांनी आपले टॉवेल काढून कपाटात ठेवले. ज्या मानात सगळेच वाटेकरी तो मान कसला? फक्त त्यागी साहेबांनी लाल मखमली मागवला. मग त्यांनी वडनेऱ्यांना बोलावून विचारलं, की टॉवेल कुणी लावावा याचा नियम काय आहे तो काढा. वडनेरे आठवडाभर नियम शोधत राहिले. खुर्चीच्या पाठीच्या उंचीचा नियम सापडला, गालिच्याचा सापडला, पाण्याच्या जगचा सापडला. टॉवेलाचा नियम सापडला नाही. कधीच नव्हता. एवढी वर्षं सगळ्या दिल्लीने तो केवळ समजून घेतला होता. हे कळल्यावर वडनेऱ्यांना एकदम थकवा आला. ज्या टॉवेलासाठी घरी फोन केला होता, त्याला कागदाचा आधारच नव्हता. टॉवेलाबाबत मंत्रालयाकडून स्पष्टीकरण मागवण्यात आलं आणि ते अजून आलेलं नाही.

काम मात्र दुप्पट झालं नाही. स्पेशालिस्टने टपाल फोडावं का, हा प्रश्न उभा राहिला. स्टुअर्डने पेन्सिली मोजाव्यात का, हाही. जो तो आपल्या नव्या नावाकडे बघून जुनं काम करायला लाजू लागला, आणि नवं काम काय ते आदेशात लिहिलेलं नव्हतं. त्यात ऊन वाढलं, कूलर बंद पडले, महिना उलटला, आणि सृष्टी म्हणाली होती तसंच झालं. टॉवेल मळले. ते धुवायला घरी नेले गेले आणि बहुतेक परत आले नाहीत. तिसऱ्यांदा प्रश्नावली काढली तेव्हा मोकळ्या वातावरणाची आता सवय झालेल्या स्टाफने मनापासून उत्तरं दिली आणि निदेशालयाचं मनोबल दहावरून चारावर आलं. त्यागी साहेबांनी तो अहवाल हातात घेतला आणि त्याच आठवड्यात त्यांची बदली झाली. जाताना ते वडनेऱ्यांना म्हणाले की सुधारणेला वेळ द्यावा लागतो. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. दुसऱ्या खात्याच्या एका साहेबांना अतिरिक्त कार्यभार मिळाला आणि ते फोनवर असत.

एकटी कुमुद रावत मात्र बदलली होती, आणि ती बदललेलीच राहिली. अठरा वर्षं ही बाई दरवाज्याजवळच्या टेबलावर मान खाली घालून टपालावर शिक्के मारत बसलेली वडनेऱ्यांनी पाहिली होती. आता ती मान वर करून शिक्के मारत होती. कामात एवढाच फरक होता, पण तो दिसत असे. सासरची माणसं सगळी फौजेतली आणि शिक्षण खात्यातली. त्यांच्यात ती 'दफ्तर में कुछ करती है' एवढीच होती. यंदा दिवाळीला तिच्या जावेने, आप दरअसल क्या हैं भाभी, असं विचारलं, आणि पूर्ण पदनाम सांगायला तिला एका दमापेक्षा जास्त वेळ लागला. हे तिनेच वडनेऱ्यांना सांगितलं. सांगताना ती हसत होती आणि डोळे पुसत होती. वडनेऱ्यांनी टपालाची चौकशी केली.

मग नोव्हेंबर उजाडला, आणि ज्याची आशा सगळ्यांनी सोडली होती ते घडलं. खटल्याचा निकाल लागला. खालून चढत आलेले वरचे ठरले. मंत्रालयाने निवृत्तीला टेकलेल्यांची प्रकरणं आधी हातात घेतली आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वडनेऱ्यांच्या संगणकावर संदेश येऊन पडला: श्री शशिकांत वडनेरे यांना डेप्युटी डायरेक्टर पदावर बढती देण्यात येत आहे. वडनेऱ्यांनी तो तीनदा वाचला. दार लावून घेतलं आणि चौथ्यांदा वाचला. कुणाला सांगितलं नाही. रुजू झाल्याशिवाय बढती झाली असं म्हणू नये, हे त्यांना एकतीस वर्षांनी शिकवलं होतं.

त्यांचा अंदाज बरोबर होता. दुसऱ्या दिवशी मंत्रालयातून फोन आला. पलीकडचा अधिकारी सौजन्याने बोलत होता, आणि ते वाईट लक्षण असतं. आपल्या निदेशालयात डेप्युटी डायरेक्टर नावाचं पद आम्हाला दिसत नाही, असं त्याने सांगितलं. एप्रिलमधल्या आदेशाने यापूर्वीची सर्व पदनामं रद्द झाली आहेत आणि नव्या यादीत हे नाव नाही. खरं तर वडनेरेजी, तुमचं स्वतःचं पदही यादीत नाही. आपण सध्या काय आहात?

वडनेऱ्यांनी आदेश उघडला. खाली ते वाक्य होतं आणि त्याच्याही खाली त्यांचीच सही होती, नेहमीप्रमाणे स्वच्छ आणि वळणदार.

उपाय एकच होता आणि तो सोपा होता. तो आदेश मागे घ्यायचा, जुनी पदनामं परत आणायची, तसं निदेशालयाच्या वेबसाइटवर चढवायचं आणि शुक्रवार दुपारपर्यंत मंत्रालयाला कळवायचं. शुक्रवार हा त्यांचा शेवटचा दिवस. अतिरिक्त कार्यभारवाले साहेब फोनवर म्हणाले की आपका ही ऑर्डर है, आप ही वापस ले लीजिए. वडनेऱ्यांनी मसुदा तयार केला. या वेळी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. घरी फक्त अलकाताईंना सांगितलं आणि त्या रात्री, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, त्या म्हणाल्या, "चला, एकदाचं मिळतंय ना. छान झालं."

मसुद्यावर सही करायची म्हणून गुरुवारी सकाळी ते खुर्चीत बसले, तोच कुमुद आत आली. पदनामं परत जुनी होणार अशी कुणकुण मजल्यावर पसरली होती. कशासाठी होणार हे कुणाला माहीत नव्हतं, आणि बाकीच्यांना त्याचं काही वाटलंही नव्हतं. भांडारपाल तर स्टुअर्ड म्हणजे काय हे सांगून सांगून कंटाळला होता.

"सर, सोमवार को कर दीजिएगा," कुमुद म्हणाली. "बस सोमवार को. इतवार को बेटे की सगाई है."

वडनेऱ्यांना संबंध कळेना. मग तिने उभ्याउभ्याच सांगितलं. मुलीकडचे दिल्लीचेच, सरकारी नोकरीतले. मुलीचे मामा मंत्रालयातून निवृत्त झालेले. त्यांनी मुलाची आई काय करते हे निदेशालयाच्या वेबसाइटवर जाऊन पाहिलं होतं आणि परवा पुन्हा पाहिलं होतं. दिल्लीत लोक पत्रिका नंतर बघतात, वेबसाइट आधी. इतवारच्या आत तिथे पुन्हा क्लर्क लिहून आलं, तर त्यांना वाटेल आम्ही खोटं सांगितलं. तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं, जे आदेशात होतं तेच सांगितलं होतं. सोमवारी काहीही लिहा, एकदा सगाई झाली की कोण बघतं.

"ठीक है," वडनेरे म्हणाले, "देखता हूँ."

ती गेल्यावर त्यांनी मसुदा पुढे ओढला. सोमवारी ते या खुर्चीत असणार नव्हते. सोमवारी बढती द्यायला मंत्रालयाला माणूसच मिळणार नव्हता. ही गोष्ट त्यांनी कुमुदला सांगितली असती तर ती लगेच म्हणाली असती, सर, आज ही कर दीजिए. ती तशी होती. म्हणून तर सांगता येत नव्हतं. त्यांना राग आला. कुमुदचा नाही, मामाचाही नाही; त्या प्रशिक्षण संस्थेचा, त्यागी साहेबांचा, आणि दुसऱ्याच्या वाक्याखाली न वाचता सही करणाऱ्या एका माणसाचा. पदनामाने मनोबल वाढतं का, याचा सगळ्या निदेशालयातून एकच पुरावा हाती लागला होता, आणि तो नेमका त्यांच्या वाटेत उभा राहिला होता. दुपारी त्यांनी मसुद्यावर तारीख घातली, सोमवारची, आणि पुढच्या माणसाच्या सहीसाठी ठेवून दिला. मंत्रालयाला कळवलं की आदेश मागे घेण्याची कारवाई सुरू आहे. सरकारी भाषेत याचा अर्थ, वाट बघू नका.

शुक्रवारी निरोप समारंभ झाला. हार, शाल, घड्याळ, ढोकळा. फोनवाले साहेब फोनवर बोलले. कार्यमुक्तीचा कागद हातात आला, त्यात पदनामाच्या जागी एक आडवी रेघ होती, कारण यंत्रणेला दुसरं काही सापडलं नव्हतं. मेट्रोत वडनेऱ्यांनी तो कागद शालीच्या घडीत ठेवला. घरी अलकाताईंनी तो पाहिला आणि काय झालं ते विचारलं. त्यांनी सांगितलं. अलकाताईंनी कागद परत शालीच्या घडीत घातला आणि शाल कपाटात ठेवली. संध्याकाळी केळुसकर निवृत्तीबद्दल अभिनंदन करायला आले, त्यांना त्यांनी दारातूनच, ह्यांचं डोकं दुखतंय, असं सांगून परत पाठवलं.

रविवारी सगाईला जायची वडनेऱ्यांची इच्छा नव्हती. पण कुमुदने घरी येऊन बोलावलं होतं आणि हॉल पटपडगंजच्या रस्त्यावर, घरापासून ई-रिक्षाच्या अंतरावर होता. अलकाताई म्हणाल्या, जाऊन जेवून येऊ. हॉलमध्ये गाणी चालू होती, सोनेरी खुर्च्या होत्या आणि कुमुद मरून साडीत इकडून तिकडे धावत होती. तिचे यजमान येईल त्याला तिची ओळख करून देत होते, आणि 'संचार प्रवाह विशेषज्ञ' हे शब्द ते इतक्या सावकाश आणि स्पष्ट उच्चारत होते की मिश्राजी असते तर त्यांना भरून आलं असतं.

जेवणाच्या टेबलाशी मुलीचे मामा भेटले. उंच, पांढऱ्या मिशांचे, नॅपकिनने बोटं पुसत माणसाची पारख करणारे. मराठी आहात, मयूर विहारात राहता, हे सगळं विचारून झाल्यावर मामा दिल्लीतल्या मूळ प्रश्नावर आले.

"आप भी रावत मैडम के दफ्तर में थे? किस पोस्ट से रिटायर हुए?"

वडनेऱ्यांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की द्यायला उत्तरच नाही. असिस्टंट डायरेक्टर म्हणावं, तर ते पद एप्रिलपासून नाही, आणि हा माणूस घरी जाऊन वेबसाइट बघणार. डेप्युटी डायरेक्टर म्हणावं, तर ते झालंच नाही. शिवाय त्यातलं काहीही म्हटलं तरी पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग रावत मॅडम आपल्या हाताखाली होत्या का? तेवढ्यात कुमुद गुलाबजामांचं भांडं घेऊन तिथे पोचली होती. तिने प्रश्न ऐकला होता आणि ती जागच्या जागी थांबली होती.

"जी, मैं मैडम के अंडर था," वडनेरे म्हणाले.

मामांच्या चेहऱ्यावर लगेच कनवाळूपणा आला, निवृत्त साहेबाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याच्या कारकुनाला बघून येतो तो. त्यांनी वडनेऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मॅडम फार कडक तर नव्हत्या ना, अशी चौकशी केली.

"थोड़ी सख्त थीं," वडनेरे म्हणाले. "पर छुट्टी माँगो तो देती थीं."

कुमुद भांडं टेबलावर ठेवून पुढे आली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण मामा तिला बाजूला घेऊन पाहुण्यांची ओळख करून द्यायला निघाले आणि ती मागे वळून वळून बघत त्यांच्याबरोबर गेली. मेट्रोत कुणी 'बाबूजी' म्हटलं तरी त्याला आपलं पद ऐकवणाऱ्या या माणसाकडे अलकाताई बघत राहिल्या. मग त्यांनी आपल्या प्लेटमधला एक गुलाबजाम उचलून नवऱ्याच्या प्लेटमध्ये ठेवला. साखरेचं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.